ट्रायथलॉनची तयारी: पावसाळ्यात घरातलं सायकलिंग कशावर करावं?

पहाटवारा | १८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यंदा गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी नाव नोंदवलंय. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. पोहणं आणि धावणं बरं चाललंय. घोडं अडलंय ते सायकलपाशी.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते, चौथ्या मजल्यावर. मुलगी ८ वर्षांची, नवऱ्याच्या पाळ्या बदलत्या. आठवड्यात माझ्या हातात पहाटे साडेचार ते सव्वासहा एवढाच वेळ असतो. उन्हाळ्यात तेवढ्यात खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचे. गेल्या मंगळवारी पाण्याने भरलेला खड्डा अंधारात दिसलाच नाही. पुढचं चाक गेलं, कोपर सोललं, रिम वाकली. हाड शाबूत आहे हे नशीब. तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच म्हणणं आहे की पाऊस संपेपर्यंत अंधारात रस्त्यावर जायचं नाही. मलाही ते पटलंय.

आता माझ्यापुढे तीन वाटा आहेत:

जवळच्या जिममध्ये स्पिन बाइक (जागेवरच चालवायच्या व्यायामाच्या सायकली) आहेत, पण जिम साडेपाचला उघडते. एका ओळखीच्यांकडे वापरलेला फ्लुइड ट्रेनर (आपलीच सायकल घरात बसवून चालवायचा स्टँड) आहे, मागचं चाक रोलरवर टेकवायचा, ९,००० ला देतायत. किंवा मग नवा डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर, म्हणजे वर्षभराची शिल्लक त्यात घालायची.

सायकल साधी रोड बाइक आहे, मागे ८ गिअर, रिम ब्रेक. पेडलची ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर नाही. ९० किमी साडेतीन तासांत करायचेत, म्हणजे ताशी साधारण २६. साडेचार महिने हातात आहेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं? आणि का?

---

घाटरस्ता | १८ जून, रात्री १०:१५

काहीही घेतलं नसतं. दोन मडगार्ड, मागे लाल दिवा, पुढे चांगला टॉर्च, टायरमध्ये हवा १० पीएसआय कमी. झालं. वीस वर्षं पावसाळ्यात बोपदेव घाट आणि सिंहगड चढतोय. पाऊस अंगावर घेतल्याशिवाय सायकल कळत नाही. भिंतीकडे तोंड करून पेडल मारण्याला मी सायकलिंग म्हणत नाही.

---

निळी_छत्री | १८ जून, रात्री १०:५२

घाटरस्ता काका, तुमच्या वीस वर्षांबद्दल आदर आहे, पण पहाटे साडेचारला एकट्या बाईने अंधारात निघणं आणि तुम्ही सहा जणांच्या घोळक्यात निघणं यात फरक आहे. खड्डे एकवेळ चुकवता येतात. ठाण्यात माझ्यामागे चार कुत्री लागली होती, तेव्हा मी डिव्हायडरवर चढले होते. पहाटवारा, घरच्यांचं ऐकलंस ते बरं केलंस.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. मी सहा महिने जिमची स्पिन बाइक चालवली. घाम भरपूर आला, दम वाढला, गाणी छान होती. पण पहिल्यांदा ७० किमीला बाहेर पडले तेव्हा पन्नाशीनंतर मांड्यांनी हात वर केले. कारण नंतर कळलं. स्पिन बाइकचं पुढचं चाक जड लोखंडी असतं आणि पेडलला थेट जोडलेलं असतं. एकदा फिरायला लागलं की तेच तुमचे पाय फिरवत राहतं. आपल्याला वाटतं आपण मिनिटाला ९५ फेऱ्यांच्या लयीत पेडल मारतोय, पण त्यातलं बरंचसं काम चाकच करत असतं.

दुसरं म्हणजे सीट. आदल्या तासाला कुणी सहा फुटी माणूस बसून गेलेला, मग रोज उंची बदला, रोज अंदाज. एकदा तर चालू क्लासमध्ये सीटची खीळ निसटून सीट चार इंच खाली बसली. तेव्हाचा कमरेचा झटका महिनाभर पुरला.

---

मोजपट्टी | १९ जून, सकाळी ७:०५

निळी_छत्री यांनी चाकाचं अगदी बरोबर सांगितलं. त्यात थोडी भर.

शर्यतीत तुम्ही ज्या सायकलवर बसणार, त्याच सायकलवर, त्याच सीटवर, त्याच हँडलवर सराव व्हायला हवा. पाठ, मान, मांडीचे स्नायू आणि बसायची हाडं या सगळ्यांना साडेतीन तासांची सवय लावायची आहे. म्हणून माझ्या मते स्पिन बाइक पहिल्याच फेरीत बाद. उरले दोन ट्रेनर.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून टाकतात. ट्रेनरवरच कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवलेली असते, चेन थेट तिच्यावर चढते. टायर घासत नाही, आवाज कमी, वॅटचा आकडा चांगल्या यंत्रात १ ते २ टक्क्यांच्या आत बरोबर. त्यात अर्ग मोड असतो. तुम्ही १५० वॅट सांगितले की तुम्ही कुठल्याही गिअरमध्ये आणि कुठल्याही लयीत असा, यंत्र तुमच्याकडून १५० च काढून घेतं. याची एक वाईट बाजू आहे. दमून लय ७० च्या खाली गेली की तेवढेच वॅट काढायला यंत्र आणखी घट्ट होतं, मग लय आणखी पडते, आणि दहा सेकंदांत पाय ओल्या सिमेंटात रुतल्यासारखे थांबतात. अशा वेळी पेडल मारायचं थांबवून, गिअर हलका करून पुन्हा सुरुवात करायची.

फ्लुइड ट्रेनरमध्ये रोलरला जोडलेला पंखा दाट तेलात फिरतो. चाक जितकं जोरात फिरेल तितका अडथळा वाढत जातो, हवेसारखाच. म्हणून त्याची जाणीव रस्त्याच्या बरीच जवळची असते. वीज लागत नाही. आकडा मिळत नाही, पण एक युक्ती आहे: रोज टायरमध्ये १०० पीएसआय, रोलरची गुंडी टायरला टेकल्यापासून रोज तेवढेच दोन फेरे, आणि पहिली दहा मिनिटं तेल गरम होऊ द्यायचं. हे तिन्ही पाळलं तर आजचे ताशी २८ आणि पुढच्या मंगळवारचे ताशी २८ यांना जवळपास सारखीच ताकद लागते. मागच्या चाकाला वेगाचा सेन्सर लावला की सरावाचं माप मिळालं.

बजेट असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह. नसेल तर फ्लुइडवर तुमची शर्यत नक्की होते.

---

नवखा_पेडल | १९ जून, सकाळी ८:२०

वाचतोय. अर्ग मोडचं वर्णन वाचूनच मांड्या दुखल्या.

---

रंकाळाकाठ | १९ जून, दुपारी १:३०

ट्रेनरशिवायच्या नुसत्या रोलरचं कुणी नावच काढलं नाही म्हणून लिहितो. तीन लोखंडी नळकांडी, त्यावर सायकल नुसती ठेवायची आणि चालवायची. कुठेही बांधलेली नसते. तोल गेला की जमिनीवर. कोल्हापुरात बर्गमन ट्रायथलॉनच्या तयारीसाठी दोन पावसाळे रोलरवर काढलेत. पहिले चार दिवस दरवाजाच्या चौकटीत ठेवून चालवले, म्हणजे दोन्हीकडे हात टेकायला जागा मिळते. पाचव्या दिवशी हात सुटला आणि ते बाजूला न झुकता पेडल मारायला जे शिकलो ते आजवर कामाला येतंय. शर्यतीत बाटली काढताना सायकल तसूभर हलत नाही.

मात्र जोर लावायचा सराव त्यावर होत नाही हे खरं. आठ-आठ मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं असेल तर सायकल घट्ट बांधलेलीच हवी. ताई, तुमच्याकडे साडेचार महिने आहेत, तर रोलर मुख्य साधन म्हणून घेऊ नका. पण कुणाचे मिळाले तर महिनाभर आणा.

---

चाकदुरुस्ती | १९ जून, संध्याकाळी ६:४५

माझं सायकलचं दुकान आहे, आणि वापरलेले ट्रेनर लोक उचलून आणतात आणि मग माझ्याकडे येतात, म्हणून आधीच सांगतो. ९,००० देण्याआधी हे बघा.

फ्लुइडचा डबा पांढऱ्या कागदावर ठेवून वीस मिनिटं चालवा. कागदावर तेलाचा एक थेंब जरी पडला तरी घेऊ नका. सील गेलेला डबा दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. रोलरवर बोट फिरवा, मधोमध खोलगट लागलं तर तो झिजलाय. आणि चाकाच्या मधून जाणारी दांडी ट्रेनरसोबत आलेलीच हवी, जाड पोलादी टोकांची. सायकलची स्वतःची दांडी कधी कधी ट्रेनरच्या पकडीत नीट बसत नाही, आणि जोर लावताना निसटली तर बाईमाणूस, पोरगं, कुत्रं जे शेजारी असेल त्याला लागतं. तुमची मुलगी लहान आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. चालू ट्रेनरच्या मागच्या चाकाजवळ आणि चेनजवळ तिला अजिबात येऊ देऊ नका. बोट एका क्षणात जातं. मी पाहिलंय.

मागे जुना गुळगुळीत टायर लावा. रस्त्यावरचा चांगला टायर ट्रेनरवर दोन महिन्यांत चपटा होतो. नक्षीचा टायर असेल तर घरात विमान उतरल्यासारखा आवाज येतो.

डायरेक्ट ड्राइव्ह घेतलात तर ८ गिअरचीच कॅसेट मागा. दुकानदार हाताशी असलेली ११ ची देतात आणि मग गिअर कधीच जाग्यावर बसत नाही. ८ ते ११ पर्यंतच्या शिमानो कॅसेट सहसा त्याच हबवर बसतात, त्यामुळे कॅसेट वेगळी घेऊन बदलता येते.

---

निळी_छत्री | १९ जून, संध्याकाळी ७:१०

चाकदुरुस्ती दादा, कागदाची युक्ती सोन्यासारखी आहे.

पहाटवारा, एक विचारायचं राहिलं. खालच्या मजल्यावर कोण राहतं?

---

पहाटवारा | १९ जून, रात्री ९:२५

खाली एक निवृत्त काका-काकू राहतात. काकू फार प्रेमळ आहेत, मुलीला सांभाळतात कधी कधी. का गं?

---

निळी_छत्री | १९ जून, रात्री ९:४८

कारण माझ्या खालच्या काकू आठव्या दिवशी वर आल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही पहाटे पाचला घरी पिठाची गिरणी चालवता का?" त्यांच्या कपाटातल्या काचेच्या बरण्या किणकिणायच्या. कानाला येणाऱ्या आवाजापेक्षा स्लॅबमधून उतरणारा थरथराट जास्त त्रास देतो.

मी तीन गोष्टी केल्या. खोलीच्या मधोमध असलेला ट्रेनर भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर आणला, मधल्या भागात स्लॅब जास्त हलते. खाली जाड रबरी मॅट, त्याखाली जुनी सतरंजी चौपदरी. आणि ८५ ऐवजी ९० च्या लयीत हलक्या गिअरवर चालवायला लागले, कारण जड गिअरला दण दण ठोके बसतात. बरण्या शांत झाल्या. त्यांना आधीच जाऊन सांग, सोबत काहीतरी खायला घेऊन जा.

---

घाटरस्ता | १९ जून, रात्री १०:३०

सिंहगडावर गिरणीची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

---

बर्फातला_मावळा | २० जून, सकाळी ६:१५

मिनियापोलिसहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा. इथे नोव्हेंबर ते मार्च तळघरात ट्रेनरवरच असतो, बाहेर उणे वीस आणि रस्त्याला बर्फ. आठ हिवाळे काढलेत, म्हणून घाटरस्ता साहेबांची अर्धी बाजू घेतो.

पहिल्या हिवाळ्यात मी फक्त घरातच चालवलं. आकडे सुंदर वाढले. एप्रिलमध्ये बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर हात आखडले. ब्रेक कधी लावायचा, वळणात कुठलं पेडल वर हवं, खांद्यावरून मागे बघताना सरळ रेष कशी धरायची, सगळं विसरलेलं. इंजिन तयार होतं, पण गाडी हाकायची सवय गेली होती. तेव्हापासून रस्ता जरा मोकळा दिसला की थंडीतही पंधरवड्यातून एकदा बाहेर जातोच. पहाटवारा ताई, पावसाळ्यातही रविवारी उजेडात, ओळखीच्या लोकांबरोबर एक फेरी मारा.

पण ट्रेनरची एक बाजू रस्त्यालाही जमत नाही. ७०.३ मध्ये दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवता येत नाही, पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणजे साडेतीन तास सलग स्वतःचं पेडल मारायचं. पुण्याच्या रस्त्यावर सिग्नल, उतार, रिक्षा यांत कितीदा पाय थांबतात ते मोजा. ट्रेनरवर उतार नसतो. तिथला एक तास म्हणजे पुरा एक तास.

आणि पंखा. ट्रेनर दुसऱ्या नंबरावर, पंखा पहिल्या. मी पंख्याविना आणि पंख्यासकट एकाच आठवड्यात तोच सराव केला होता. तितक्याच वॅटला हार्टरेट पंख्याविना चाळिसाव्या मिनिटाला १६ ने जास्त होता. छतावरचा पंखा कामाचा नाही. समोरून, छातीवर वारा मारणारा मोठा पंखा हवा.

---

संत्रानगरी | २० जून, सकाळी ११:०५

नागपूरकर हजर. पावसापेक्षा आम्हाला मे महिना घरात बसवतो. सकाळी सातलाच ३० च्या वर पारा, दुपारी ४५. आमच्याच गावच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून इथे सायकलवाल्यांची संख्या वाढतेच आहे आणि उन्हाळ्यात अर्धे ट्रेनरवर असतात.

माझा मुद्दा विजेचा. डायरेक्ट ड्राइव्ह आहे माझ्याकडे. चौथ्या सेटच्या मध्यात लाइट गेली की अडथळा एकदम नाहीसा होतो आणि पाय हवेत फिरतात. एकदा गुडघ्याला झटका बसला. आता यंत्र आणि वायफाय इन्व्हर्टरवर घेतलंय. काही महाग यंत्रं विजेशिवायही चालतात, पण खरेदीआधी खात्री करा. फ्लुइडला ही भीती नाही, पण पंखा तर बंद पडणारच! म्हणून पंख्याचं बटण आधी इन्व्हर्टरवर घ्या, मग ट्रेनरचा विचार करा.

---

नवखा_पेडल | २० जून, सकाळी ११:३२

पावसाळ्यात घरातला एकमेव मोठा पंखा ओल्या कपड्यांना की सायकलस्वाराला, हा निकाल कोण देणार?

---

संत्रानगरी | २० जून, सकाळी ११:४०

सायकल मध्ये, कपडे मागे. वारा दोघांनाही लागतो. आमच्या घरी असंच आहे, खरंच.

---

मांडवीतीर | २० जून, दुपारी ४:२०

पणजीहून. पहाटवारा, आमच्याकडे स्वागत आहे! मिरामारला पाण्यातून बाहेर आलात की ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं, आणि पावसानंतरची ती दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. रस्त्याला चढउतारही आहेत. पुण्याहून, बंगळुरूहून आलेले तगडे लोक सायकलवर मस्त जातात आणि धावताना कोसळतात, हे दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघतो.

म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत पंखा बंद करून काही सराव करा. शरीराला उकाड्याची सवय लागते. घरातल्या सायकलिंगचा हा मोठा फायदा आहे, पुण्याच्या गार पहाटे बाहेर चालवून ही सवय होणार नाही.

---

गुडघेदुखी | २० जून, संध्याकाळी ५:५५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मांडवीतीर यांचं म्हणणं योग्य आहे, पण ते एकटीने पहाटे बंद खोलीत करू नये. घरात कुणीतरी जागं हवं, सराव हलका आणि तीस-चाळीस मिनिटांचाच, शेजारी पाणी आणि मीठ. डोकं हलकं झालं, अंगावर काटा आला, घाम थांबला की लगेच उतरायचं. जोराचा सराव पंखा लावूनच.

ट्रेनरवर येणाऱ्या दोन दुखण्यांबद्दल. रस्त्यावर सायकल आपल्याखाली डावी-उजवी डोलते, आपणही नकळत सीटवर सरकतो. ट्रेनरवर ती ठाम उभी, त्यामुळे एकाच जागी दाब येऊन बधिरपणा येतो. दर दहा मिनिटांनी उभं राहून पंधरा-वीस पेडल मारा. आणि मागचं चाक ट्रेनरवर थोडं उचललं जातं, तर पुढच्या चाकाखाली तेवढीच फळी किंवा जाड पुस्तक ठेवा. नाहीतर सगळं वजन तळहातांवर येतं आणि करंगळीला मुंग्या येतात. गेल्या पावसाळ्यात याच तक्रारीचे चार जण आले होते, चौघांनाही फळी सांगितली, बाकी काही नाही.

---

चाकदुरुस्ती | २० जून, रात्री ८:३०

घामाबद्दल कुणी बोललं नाही. एका गिऱ्हाइकाची सायकल आली होती, हँडल करकरतं म्हणून. टेप सोडली. आतलं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने भरलेलं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली टाचणीएवढी भोकं. दोन वर्षं ट्रेनरवर घाम गळत होता, कधी पुसला नाही. रस्त्यावर ते हँडल तुटलं असतं तर दात गेले असते. म्हणून हँडलपासून सीटपर्यंत जुना टॉवेल पसरा. उतरल्यावर ओल्या फडक्याने हँडल, पुढचे बोल्ट, वरची नळी पुसा, मग कोरड्या फडक्याने. दोन मिनिटांचं काम आहे. सहा महिन्यांतून एकदा टेप सोडून आत बघा.

---

पहाटवारा | २३ जून, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

शनिवारी पांढरा कागद घेऊन गेले. वीस मिनिटं चालवला, कागद कोरडा. रोलर सपाट. दांडी मात्र हरवली होती, म्हणून ८,००० ला दिला, दांडी नवीन घेतली. डायरेक्ट ड्राइव्हचे पैसे वाचले, त्यातून मोठा पंखा, हार्टरेटचा पट्टा आणि वेग व लयीचे सेन्सर घेतले. काकूंकडे पुरणपोळी घेऊन गेले, त्या म्हणाल्या आम्ही चारलाच उठतो, खुशाल चालव.

आता मोजपट्टी, सराव काय करू ते सांगाल का? पॉवर मीटर नसताना?

---

मोजपट्टी | २४ जून, सकाळी ७:३०

छान सौदा. वॅट नसले तरी पद्धत तीच. नीट अंग गरम करून २० मिनिटं, टिकेल तेवढ्या जास्तीत जास्त जोराने चालवा. सुरुवातीला उधळू नका. वॅट असते तर सरासरीच्या ९५ टक्के हा तुमचा एफटीपी (साधारण तासभर टिकणारी ताकद) धरला असता, म्हणजे १६८ आले तर साधारण १६०, आणि ७०.३ ची सायकल त्याच्या ७५ ते ८० टक्क्यांवर, १२० ते १२८. तुम्ही त्या २० मिनिटांचा सरासरी हार्टरेट आणि वेग लिहून ठेवा. तोच तुमचा मापदंड.

मंगळवारी चार वेळा आठ मिनिटं, त्या वेगाच्या जरा खाली, मध्ये चार मिनिटं हलकं. गुरुवारी पाऊण तास शर्यतीच्या जोराने, हात एअरो बारवर (पुढे झुकून कोपरं टेकवायच्या दांड्यांवर) असतील तर उत्तम. एअरो बारची सवय लावायला ट्रेनरइतकी सुरक्षित जागा नाही. मग लगेच बूट बदलून पंधरा मिनिटं धावा, पार्किंगमध्ये का होईना. रविवारी बाहेर, लांब.

फ्लुइडवर वेग वाढवला की लागणारी ताकद झपाट्याने वाढते, म्हणून वेग अर्ध्या किलोमीटरनेच वाढवायचा. एका दमात दोनने नाही.

---

रंकाळाकाठ | २४ जून, सकाळी १०:१०

आणि खाण्याचाही सराव ट्रेनरवरच करा. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटाला झेपतात का ते शर्यतीच्या दिवशी शोधायचं नसतं. मी खजूर, केळं आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यावर जातो. आधी आणि नंतर वजन करा. तासात एक किलो घटलं तर एक लिटर घाम गेला, त्यावरून बाटल्यांचा हिशेब मांडा. प्यायलेलं पाणी त्यात मिळवायला विसरू नका.

---

पहाटवारा | २० जुलै, संध्याकाळी ७:५०

चार आठवडे झाले, म्हणून कळवायला आले.

बारा सराव ट्रेनरवर, दोन रविवार बाहेर. दोन रविवार पावसाने खाल्ले. २० मिनिटांच्या चाचणीत पहिल्यांदा सरासरी वेग २७.४ होता, काल २९.१, हार्टरेट तोच, १६४. हवा आणि गुंडी दोन्ही वेळा मोजून तेवढीच. घामाचं मोजलं. पंखा लावूनही तासाला ९०० मिली जातो, आणि मी आजवर शर्यतीत तासाला एक बाटली प्यायचे, तीही अर्धीच! गेल्या वर्षी ऑलिम्पिक अंतराच्या (७०.३ हून छोट्या) शर्यतीत धावताना पोटऱ्या का धरल्या, याचा मला आता अंदाज आला.

मुलीने भिंतीवर कागद लावलाय, प्रत्येक सरावाला एक चांदणी. पहाटे दारात उशी घेऊन बसते, चाकापासून लांब, मी तशी रेघच आखून दिलीये.

बाहेरचं मात्र बर्फातला_मावळा म्हणाले तसंच झालं. परवा एनडीए रस्त्याच्या वळणावर दोन्ही ब्रेक उगाच दाबले गेले. कोपर अजून आठवण काढतं. पाय तयार होतायत, मनातली भीती गेलेली नाही. ती ट्रेनरवर जाणार नाही हे कळतंय.

---

बर्फातला_मावळा | २० जुलै, रात्री ११:४०

९०० मिलीचा शोध सगळ्यात मोलाचा. भीतीचं म्हणाल तर ओल्या रस्त्यावर, रिकाम्या जागेत, हळू वेगात आठचे आकडे काढा. आधी मोठे, मग लहान. मी दर एप्रिलला मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये करतो.

---

घाटरस्ता | २१ जुलै, सकाळी ६:०५

पहिल्या दिवशी मी जरा फटकन लिहिलं होतं. तुम्ही किती अंधारात आणि एकट्या निघत होतात ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. २७.४ चे २९.१ झाले, हे मी ट्रेनरच्या नावे लिहितो.

आता माझं काम. रविवारी आम्ही सात जण असतो, त्यात दोन बायका आहेत. उजाडल्यावरच निघतो. ओल्या वळणात शरीर कुठे ठेवायचं, पुढचा ब्रेक किती, मागचा किती, हे मी तुमच्या शेजारून चालवत दाखवतो. पहिले दोन रविवार घाट नाही, सपाटच. मडगार्ड लावून या, नाहीतर मागच्याच्या तोंडावर चिखल जातो.

---

पहाटवारा | २१ जुलै, सकाळी ६:२०

काका, येते. किती वाजता आणि कुठे?

---

घाटरस्ता | २१ जुलै, सकाळी ६:२२

सव्वासहा, खडकवासल्याच्या चौपाटीवर. टायरमध्ये हवा ९० च.

---

निळी_छत्री | २१ जुलै, सकाळी ७:००

ठाण्याहून पहाटेची गाडी पकडून येऊ का मी पण? सायकल कुणाकडे मिळेल?

---

चाकदुरुस्ती | २१ जुलै, सकाळी ९:३५

उंची सांगा. दुकानात ५२ ची फ्रेम आहे, शनिवारी तयार ठेवतो.